एव्हलॉनचा पत्ता

अमेरिकेतला ब्लूज गायक मिसिसिपी जॉन हर्ट पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोघं जण गिटार वाजवताहेत असंच वाटलं. वसतिगृहातल्या एका सिनियरने कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवून घेतलेली गाणी होती ती. जाड तारांवर आलटून पालटून ठेका धरणारा अंगठा आणि बारीक तारांवर चाल वाजवणारी बोटं एकाच हाताची आहेत, हे कळल्यावर मी त्या अंगठ्याच्या मागेच लागलो. माझा अंगठा हट्टी. बोटं अडखळली की थांबायचा, गायला तोंड उघडलं की थांबायचाच. त्या वयात शब्दांकडे कोण लक्ष देतो?

‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ तर मी निव्वळ हाताचा व्यायाम म्हणून घोटलं. त्यातला माणूस काय म्हणतोय, ते नोकरीत मुरल्यावर एका वैतागलेल्या रात्री कानावर आलं. जॉन हेन्रीची कथा अमेरिकेच्या दक्षिणेत घरोघर ठाऊक. रेल्वेच्या बोगद्यासाठी खडक फोडताना यंत्राशी पैज लावणारा, ती जिंकणारा आणि हातोड्यासकट मरणारा कृष्णवर्णीय मजूर. हर्टचा गडी मात्र हातोडा मुकादमाकडे परत पाठवतो आणि चालू लागतो. जॉन हेन्रीसारखं मरायची त्याची तयारी नाही. हर्ट स्वतः रुळांच्या कामावर होता, गाणंही तिथल्याच एका मजुराकडून उचललेलं. हर्टच्याच मिसिसिपी राज्यातला ब्लूज गायक चार्ली पॅटन घसा फोडून गातो. हर्ट ओसरीवर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसा. मी काही दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला नाही, घराचे हप्ते होते. पण ते गाणं त्यानंतर व्यायाम राहिलं नाही.

हर्टचं गाव एव्हलॉन. तिथल्या नाचगाण्यांत तो विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाबरोबर वाजवायचा. नार्मरनेच ओके या रेकॉर्ड कंपनीला त्याचं नाव सुचवलं. 1928 च्या फेब्रुवारीत मेम्फिसला आणि डिसेंबरात न्यू यॉर्कला ध्वनिमुद्रण झालं. नावामागे ‘मिसिसिपी’ कंपनीने चिकटवलं, खप वाढावा म्हणून. न्यू यॉर्कमध्ये गावाच्या आठवणीने जीव कासावीस झाला, त्यातून ‘एव्हलॉन ब्लूज’ आलं. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ मंदी आली, आणि हर्ट शेतात परतला.

1963 मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण त्याच गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढत दारात उभा राहिला. हर्टला तो एफबीआयचा माणूस वाटला! त्याच उन्हाळ्यात हर्ट न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला.

सांगणारे इथे रंगात येतात: विस्मृती, शोध, पुनर्जन्म वगैरे. मला मात्र मधली पस्तीस वर्षं जास्त खुणावतात. शेतमजुरी, गुरं, आणि कुणी बोलावलं तर वाजवणं. हॉस्किन्स आला तेव्हा घरात स्वतःची गिटारही नव्हती. तरी दोन्ही काळांतली ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकली, तर आवाज जाडावलाय, लय जरा सैलावलीय, अंगठा तोच. अलीकडे मी नंतरचीच जास्त लावतो.

घराच्या ओढीने रचलेलं गाणं त्याच्या घराचा पत्ता ठरलं आणि त्यानेच त्याला घराबाहेर काढलं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. बिऱ्हाड वॉशिंग्टनला हललं. कॉफीहाउस, कॉलेजं, टीव्ही, टाळ्या. पैसाही पहिल्यांदाच बरा मिळाला असेल. पण तिथे तो रमला नाही. मिसिसिपीला परतला आणि नोव्हेंबर 1966 मध्ये, एव्हलॉनजवळच्याच ग्रेनाडात वारला.