हाय म्हणतासा, तर दावा की!



कंग्राळीच्या शाळेत गणित शिकवताना मी दरवर्षी एक खेळ करीत असे. बेळगाव तालुक्याचा नकाशा व्हरांड्यात अंथरायचा आणि विचारायचे, 'या नकाशावर असा एखादा बिंदू आहे का, जो स्वतः दाखवतो त्याच जागेवर बरोबर पडला आहे?' नकाशा फिरवा, उलटा ठेवा, चुरगाळा, असा बिंदू असतोच. फक्त तो फाटता कामा नये आणि तालुक्याबाहेर जाता कामा नये. निपाणीला नेलात की हमी संपली!

ही हमी डच गणिती ब्राउवर यांनी १९१० च्या सुमारास दिली. तबकडी न फाडता, तिच्याच कडेच्या आत कशीही ओढा, दुमडा, निदान एक बिंदू मूळ जागी राहतो. त्याला स्थिर बिंदू म्हणतात. मधे भोक असेल तर हा नियम चालत नाही. हातातली बांगडी थोडी फिरवा, तिचा एकही बिंदू जागेवर राहत नाही.

एका तालुक्याचे दोन नकाशे घेऊन लहान नकाशा चुरगाळून मोठ्यावर टाकला, तरी कुठेतरी दोन्हींवरची एकच जागा एकाखाली एक येते. दोन पृष्ठभागांमधल्या अशा योगायोगांचा हिशेब लेफ्शेट्झ यांनी १९२६ साली मांडला. हे मूळचे इंजिनिअर. १९०७ मध्ये अपघातात दोन्ही हात गेले, मग ते गणिताकडे वळले.

एकदा पालकसभेला मी हे सांगत होतो. मागे एका मुलाचे आजोबा बसले होते. बांधावरून भाऊबंदांशी त्यांचा खटला वर्षानुवर्षे चाललेला. ते म्हणाले, 'गुरुजी, हाय म्हणतासा, तर दावा की. नुस्तं हाय म्हणून मोजणीदार ऐकत न्हाई.'

मुले हसली. मला मात्र प्रश्न बिनतोड वाटला. नकाशापुरते दाखवणे सोपे होते. सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर असा मीटरभर रुंदीचा नकाशा असेल, तर त्यावर त्याचे स्वतःचे चित्र मिलिमीटरचा पन्नासावा भाग, केसापेक्षा बारीक. कंग्राळी बुद्रुक आणि खुर्द यांत गल्लत न करता शाळेची जागा शोधून सुई टोचली, की बिंदू त्या भोकातच. नकाशा जमिनीला लहान करतो म्हणून हे जमते. ही युक्ती बानाख यांची, १९२२ ची.

पण पोळीचे काय? लाटलेली पोळी ओढली, दुमडली आणि पहिल्याच गोलात बसवली, तर स्थिर बिंदू आहे खरा, पण तो नेमका काढून देणारी सर्वसाधारण रीत ब्राउवर यांच्या सिद्धतेत नाही. 'नाही म्हटले तर विसंगती येते, म्हणून आहे,' एवढेच ती सांगते. गंमत अशी, की असल्या तर्कावर खुद्द ब्राउवर यांचाच विश्वास नव्हता. जे रचून दाखवता येत नाही ते 'आहे' म्हणू नये, हे त्यांचे तत्त्वज्ञान! अखेर १९५२ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी गोलावरच्या आपल्या सिद्धांताला दुरुस्ती जोडली: मुळीच न हललेला बिंदू नाही, पण सांगाल त्याहून कमी हललेला बिंदू काढून दाखवता येतो, सूतभर म्हणा, केसभर म्हणा.

पुढे आजोबा बाजारात भेटले तेव्हा त्यांना हे सांगितले. ते म्हणाले, 'केसभर? आमचा तंटा हातभराचा हाय, गुरुजी. त्यांना बोलवा.'