न्हाणीघरातील काच

घराच्या छपरात बसविलेल्या काचेकडे आपण सहसा मान वर करून पाहत नाही. खाली उजेड पडतो आहे, एवढे आपल्याला पुरेसे असते. कोकणात ती काचेच्या कौलाच्या रूपाने असते. देशावर माळवदाच्या घरांत काचही नसते, नुसते साणे असते, आणि पावसाचा पहिला थेंब पडला की ते झाकण्यासाठी कोणीतरी वर धावते. आमच्या म्हैसुरात तिला ‘बेळकिंडी’ म्हणतात. बेळकु म्हणजे उजेड आणि किंडी म्हणजे लहानसे भोक. उडुपीच्या कृष्णमंदिरात संत कनकदासांना ज्या झरोक्यातून देवाचे दर्शन घडले अशी श्रद्धा आहे, तीही ‘कनकन किंडी’च. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्या मला हा शब्द पहिल्या दिवसापासून आवडला होता. त्या भोकातून उजेडाखेरीज आणखीही काही ये-जा करीत असते, हे मात्र मला फार उशिरा कळले.

आम्ही लक्ष्मीपुरम भागातील एका जुन्या घराच्या मागील अर्ध्या भागात भाड्याने राहतो. छप्पर मंगलोरी कौलांचे आहे. ही कौले करण्याचा पहिला कारखाना बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूरला जेप्पू येथे काढला, आणि नंतर ती कौले आपल्या कोकणापासून थेट म्हैसूरपर्यंत घराघरांवर चढली. आमचे न्हाणीघर चार फूट रुंद आणि सहा फूट लांब. त्याच्या दोन भिंती शेजारच्या घराशी सामाईक, तिसरी स्वयंपाकघराची, आणि चौथीत दार. खिडकी अशी नाहीच. जो काही उजेड येई तो छपरातील दोन फूट लांब व दीड फूट रुंद अशा काचेतून. काच जुनी व पातळ होती, तिला एका कोपऱ्यापासून तडा गेलेला होता, आणि सागवानी चौकटीभोवतीची लांबी गळून पडल्यामुळे सर्व बाजूंनी फटी पडल्या होत्या. पावसाळ्यात आम्ही तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकीत असू. उरलेल्या ऋतूंत तिची कोणाला आठवणही होत नसे.

२०२३ च्या नोव्हेंबरात माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी मिरजेहून आमच्याकडे आली. आमची आई सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून माहेर म्हणावे ते माझेच घर, आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हावे हा तिचा हट्ट. खरे सांगायचे तर माझाही. बाळ दिवस पुरे होण्याच्या तीन आठवडे आधीच आले. वजन भरले २ किलो १०० ग्रॅम. अडीच किलोंच्या आतले मूल कमी वजनाचे मानतात. डॉक्टरीणबाईंनी बजावले, “अडीच किलो होईपर्यंत आंघोळ नको. कोमट पाण्याने नुसते पुसा, आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवा, आणि थंडी लागू देऊ नका. त्याच्या अंगात चरबी नाही. एकदा गार पडले की पुन्हा ऊब धरायला त्याला फार वेळ लागतो.”

घरात सर्वांत उबदार जागा न्हाणीघर. बहिणीची आंघोळ झाली की तेथे वाफ कोंडलेली असे. तेव्हा तेथेच बाळाला पुसावे असे मी ठरविले. डिसेंबरातील एका सकाळी मी त्याला मांडीवर पालथे घेऊन पाठ पुसत होते. वरच्या काचेवरून पाण्याचा एक मोठा थेंब नेमका त्याच्या पाठीवर पडला. बाळाने सारे अंग आखडून घेतले. ते रडले असते तर मला बरे वाटले असते. पण ते रडले नाही, नुसते ओठ काळसर करून थरथरत राहिले. बहिणीने त्याला उचलून पदराखाली घेतले. पुढची दहा मिनिटे आम्ही दोघी एकमेकींकडे न पाहता त्याचे तळपाय चाचपीत बसलो होतो.

पाऊस नव्हता, मग पाणी आले कोठून? ते बाहेरचे नव्हतेच. आमच्याच न्हाणीतले होते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे, आणि डिसेंबरातील पहाट येथे १५ अंशांच्या आसपास असते. मोकळ्या आकाशाखालची काच रात्रभर आपली उष्णता वर सोडीत राहते आणि भोवतीच्या हवेहूनही गार होते. आत ३० अंशांची दमट हवा असेल तर तिच्या एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने राहू शकते; तीच हवा १५ अंशांवर आली की जेमतेम १३ ग्रॅम राहते. उरलेले काचेला दवासारखे चिकटते, त्याचे थेंब होतात, आणि थेंब जड झाला की खाली पडतो.

हे ज्ञान माझे स्वतःचे नव्हे, अनुवादातून आलेले होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी कार्यालयात एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद केला होता. अमेरिकेत, कॅनडात पुष्कळ कुटुंबे मोटारीतच थाटलेले घर घेऊन प्रवासाला निघतात. अशा चाकांवरच्या घराचे न्हाणीघर कपाटाएवढे असते. उभ्या माणसाचे डोके टेकू नये आणि उजेडही यावा म्हणून त्याच्या छपरात पारदर्शक घुमट बसवितात. हिवाळ्यात त्या घुमटातून आंघोळ करणाऱ्याच्या खांद्यावर असेच गार थेंब गळतात. जुना घुमट काढून नवा कसा बसवावा आणि त्याखाली दुसरा थर देऊन ऊब कशी राखावी, असा तो लेख होता. बी. ए. ला मराठी आणि इंग्रजी घेतलेल्या मला त्यातील शब्दांची चिंता अधिक, वस्तूची कमी. ‘उष्णतारोधक’ लिहावे की ‘ऊबराखू’, यावर मी एक दुपार घालविली होती! आता तोच लेख मी घरी आणून पाट्यावर मांडून वाचू लागले.

त्यातील युक्ती साधी आहे. काच उष्णता सहज जाऊ देते. स्थिर कोंडलेली हवा तिच्या मानाने कितीतरी कमी. म्हणून दोन थर घेऊन त्यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या इंचाची हवा कोंडावी. एकेरी काचेतून जितकी ऊब निसटते तिच्या साधारण निम्मीच मग बाहेर जाते, आणि आतला थर गार न पडल्यामुळे त्यावर दव धरीत नाही. अंतर फार वाढवून मात्र लाभ नाही. मधली हवाच खालीवर फिरू लागते.

घरमालकांची परवानगी घेऊन मी आचाऱ्यांना बोलाविले. (मराठीत आचारी स्वयंपाक करतो, कन्नडात तो रंधा मारतो. पहिल्या वर्षी या एका शब्दाने माझी जी फजिती केली ती पुन्हा केव्हातरी सांगेन.) आचारी साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी कुजलेली चौकट काढली व नवी बसविली. वर पाच मिलिमीटर जाडीची टफन्ड काच, खाली पॉलिकार्बोनेटचा पत्रा, दोहोंच्या कडांना रबराची पट्टी. पॉलिकार्बोनेटला चालणारे सिलिकॉन वेगळे असते. सिरक्यासारखा वास येणाऱ्या नेहमीच्या सिलिकॉनने त्याला बारीक तडे जाऊ शकतात. हे लेखात होते म्हणून मी दुकानातून एक नळी परत करून दुसरी आणली आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. चौकटीभोवतीचा पत्रा वरच्या बाजूला कौलांखाली सरकवावा आणि खालच्या बाजूला कौलांवर सोडावा, म्हणजे पाणी आपोआप उतरते; हे आचाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. कोरड्या दुपारी, लाकूड उन्हाने तापलेले असताना, दोन्ही थरांमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवून त्यांनी कड बंद केली. चौकट आणि छपराचे वासे यांमधील पोकळीत थर्मोकोल भरला. एकही फट राहिली नाही. मी बोट फिरवून पाहिली.

पुढच्या अर्ध्यात राहणाऱ्या अज्जी काम बघायला आल्या होत्या. त्यांच्या लहानपणी न्हाणीत तांब्याची ‘हंडे’ असे, म्हणजे आपला हंडाच. तिच्याखाली लाकडे जळत, आणि कौले धुराने काळी झालेली असत. नव्या काचेकडे पाहून त्या म्हणाल्या, “नोडम्मा, उजेड छान आला. पण आता धूर कुठून जायचा?”

“अज्जी, गॅसला धूर नसतो,” मी म्हटले.

न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसचा गीझर होता. आम्ही राहायला आलो तेव्हापासून तो तेथेच होता.

दोन दिवस सारे उत्तम चालले. वर थेंब नाही, खाली ऊब, आणि सकाळचे ऊन दोन थरांतून गाळून फरशीवर उतरे. राजवाड्याच्या कल्याणमंटपात मोर रंगविलेल्या काचांचे छत आहे. १९१२ साली पूर्ण झालेल्या त्या राजवाड्यातील त्या छतापुढे आमची काच ती काय! पण मला त्या दोन दिवसांत तिचेच कौतुक अधिक वाटत होते.

तिसरा दिवस शुक्रवार. बहीण डोक्यावरून न्हायला गेली, म्हणून नेहमीपेक्षा अधिक वेळ लागणार होता. तिचे झाले की मी बाळाला घेऊन आत जायचे असे ठरले होते. ते माझ्या हातात दुपट्यात गुंडाळलेले होते. वीस मिनिटे झाली. मी हाक मारली. उत्तर आले नाही. पुन्हा मारली तेव्हा कडी वाजली, दार उघडले, आणि ती चौकटीला धरून तेथेच खाली सरकली. “ताई, डोके फार जड झाले ग,” एवढे म्हणाली आणि तिला ओकारी आली.

माझे यजमान परगावी होते. बाळाला खाटेवर टाकून मी अज्जींना हाक मारली. आम्ही दोघींनी मिळून तिला अंगणात ओढत आणले. मला वाटले, बाळंतीण आहे, अशक्तपणा असेल. रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकवार पाहिले आणि मला विचारले, “न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे का? खिडकी आहे?” तिला प्राणवायू लावला, रक्त तपासले. संध्याकाळपर्यंत ती उठून बसली. दहा मिनिटे उशीर झाला असता तर काय, हे त्यांनी सांगितले नाही. आणि माझ्या हातात कोण होते हे मीही त्यांना सांगितले नाही.

धूर दिसत नव्हता हे खरे. पण एक किलो गॅस नीट जळायला पंधरा किलोंहून अधिक हवा लागते, आणि आमच्या त्या न्हाणीघरात सारी मिळून सुमारे सात किलो हवा मावते. हवा अपुरी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. माणसाला आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप आल्यासारखे वाटते. कडी काढण्याचे बळ राहिले तर नशीब. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी ठेवली तरी हाच धोका. इतकी वर्षे आम्ही त्या गीझरखाली न्हात होतो, ते कुजक्या चौकटीच्या फटींमुळे सुखरूप होतो. त्या फटी मी पैसे देऊन बुजविल्या.

सोमवारी कार्यालयात गेले आणि त्या लेखाची जुनी संचिका काढली. मूळ इंग्रजीत, दुसऱ्या थराची कृती संपल्यावर, चार ओळींचा एक परिच्छेद होता: आत गॅसची ज्योत जळत असेल तर हवा खेळण्याची वाट ठेवल्यावाचून ही जागा कदापि बंद करू नये. त्यावर तांबड्या पेन्सिलीची तिरपी रेघ होती. ती रेघ माझी होती. लेख एका पानात बसवायचा होता, खाली चित्र द्यायचे होते, आणि ‘सूचना वजा मजकूर’ आधी काढायचा असा आमचा प्रघात. कोणाला दोष द्यावा अशी सोयच नव्हती. अनुवाद मी केला होता, काटछाट मी केली होती, मुद्रिते मीच तपासली होती. घरी आणलेली प्रत छापील होती, म्हणून त्या ओळी मला तेथे दिसण्याचे कारणच नव्हते.

मी संचिका घेऊन मुख्य संपादकांकडे गेले. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “बाई, हा लेख किती घरांत गेला असेल?” मला सांगता आले नाही. आमचे मासिक दवाखान्यांत, वाचनालयांत, शाळांत जाते. एक प्रत पाचदहा हातांतून फिरते.

घरी त्याच आठवड्यात गीझर न्हाणीघराबाहेर काढून मागील बोळाच्या उघड्या भिंतीवर लावला; आत आता फक्त पाण्याचा नळ येतो. दाराच्या फळीत आचाऱ्यांनी खाली एक व वर एक, विटेएवढी भोके पाडून त्यांना जाळी बसविली. ऊब थोडी कमी झाली, वाफ निघून जाऊ लागली. दुहेरी काच तशीच ठेवली आहे, तिच्यावर थेंब धरीत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाळ २ किलो ६०० ग्रॅम भरले आणि अज्जींनी त्याला पायांवर घेऊन पहिली आंघोळ घातली. ते मोठ्याने रडले.

पुढील अंकाच्या शेवटच्या पानावर चौकटीत काही ओळी आल्या. आपण तो उन्हाळ्यातील लेख कापून ठेवला असेल, तर त्या येथून उतरून त्याच्याखाली लिहाव्यात:

‘छपरातील काच दुहेरी करताना’ या लेखात पुढील मजकूर अनवधानाने गळला होता. न्हाणीघरात गॅसचा गीझर, चूल किंवा शेगडी असल्यास छपरातील काचेभोवतीच्या फटी बंद करू नयेत. प्रथम ती ज्योत बाहेर न्यावी. तसेच हवा येण्यास खाली व जाण्यास वर अशी दोन भोके कायम उघडी ठेवावीत. आंघोळ करताना डोके जड झाल्यास अंग पुसण्यासही न थांबता बाहेर यावे.