धारावी बेटावरील वस्ती

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस बस धरून मुर्धे, राई, मोर्वे ही गावे मागे टाकली, की मिठागरे दृष्टीआड होऊन डोंगरीचा चढ लागतो. या भूभागास जुन्या दप्तरांत धारावी बेट म्हणत, हे मुंबईतल्या दुसऱ्या धारावीच्या ख्यातीपुढे भाईंदरकरही विसरले आहेत.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने तहान्वये वसईचा मुलूख पोर्तुगीज फिरंग्यांस दिला आणि त्यांच्या दोन शतकांच्या अमलात येथील बरीच कोळी रयत ख्रिस्ती झाली. पुढे चिमाजीअप्पांच्या मोहिमेत, वसईच्या खाडीच्या दक्षिण मुखावरील ही टेकाडे ज्याच्या हाती त्याच्याच हाती वसईची सागरी वाट, हे उभय पक्षांनी ओळखले असल्यामुळे येथे निकराची झुंज झाली, आणि मे १७३९ मध्ये वसईही पडली. अंमल पालटला, वस्ती जागची हलली नाही. हा समाज ज्या ‘ईस्ट इंडियन’ नावाखाली मोडतो, ते तर १८८७ चे, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातले. गोवा-मंगळूरकडच्या ख्रिस्ती उमेदवारांहून सरकारी चाकरीत आपण निराळे दिसावे म्हणून पत्करलेले. घरातली भाषा मराठीच राहिली.

याच बेटावरील उत्तनच्या गावठाणात गल्लीच्या तोंडाशी क्रूस, त्याला झेंडूची माळ, आणि पलीकडे बांबूंच्या मांडवावर ताणलेल्या दोरांवर बोंबील. मी निरखीत उभा राहिलो, तेव्हा लुगड्याचा काचा मारलेल्या एका आजींनी विचारले, “बघून झालं असंल तर हात लावतो का?” दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरावर टाकायची, इतकेच काम; पण माझ्या बोटांत दात रुतले आणि जोडी वाळूत पडली. आजी हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या चार जोड्या दोरावर गेल्या.

अशा जुन्या वस्त्यांची दप्तरी नोंद ठेवायची म्हटली, तर अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय नोंदवही ठेवितात, आणि लहानशा गावातील जुनी आळीही तीत सन्मानाने जाऊन बसते. उत्तनची नोंद कोणी करू म्हणेल, तर माझ्या मते त्याने घरांच्या कौलांआधी हे वाळवणाचे मैदान लिहून घ्यावे. ते बांधकामाखाली गेले, तर मागे उरतील त्या नुसत्या भिंती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि त्या दोन महिन्यांत चुलीवर चढतो तो याच दोरांवरचा बोंबील.