चिंचेने घासलेलं नाणं

इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका शेतात, मालकाच्या परवानगीने, मी मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो. पीक निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंतचे थोडे आठवडेच हाती असतात.

पहिलं रोमन नाणं मिळालं तेव्हा मी ते घरी आणून चिंच-मिठाने घासलं. आई देवाची तांब्याची भांडी तशीच घासायची. नाणं लखलखलं, पण शतकानुशतकं जमलेला हिरवा थर गेला आणि त्याच्यासोबत अक्षरंही गेली. ते कोणत्या सम्राटाचं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो होतो. वीतभर खोल सापडलेलं नाणं नुसतं पाण्यात ठेवून माती सुटू दिली. व्यास १७ मिलिमीटर, वजन २.४ ग्रॅम. भिंगाखाली शिरस्त्राण घातलेला, डावीकडे पाहणारा चेहरा दिसला. सम्राटाचं नाव शोधू लागलो, तर अक्षरं लागली 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम नगरी. तो चेहरा रोमच्या देवतेचा होता. मागच्या बाजूला लांडगीण, तिला लुचणारी रोम्युलस आणि रेमस ही जुळी बाळं, वर दोन तारे. तळाशी 'टीआरपी' ही तीन अक्षरं: आजच्या जर्मनीतल्या ट्रियरची टांकसाळ, पहिला विभाग. कॉन्स्टंटाइनने ३३० साली कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी केली, तेव्हापासून जुन्या रोमच्या मानाची ही नाणी पाडली जाऊ लागली.

असं एकटं तांब्याचं नाणं इथल्या कायद्यात 'ट्रेझर' ठरत नाही, म्हणजे ते कळवणं सक्तीचं नसतं. तरीही मी ते, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या अधिकारी बाईंकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "नेमकं कुठे सापडलं?" नकाशावरचे आकडे मी जागेवरच टिपले होते. त्यांनी फोटो काढले, वजन घेतलं, नोंद केली. किंमत त्या सांगत नाहीत. ती नाण्यांच्या एका व्यापाऱ्याने सांगितली, दहा पौंडांच्या आसपास. असली नाणी तेव्हा प्रचंड संख्येने पाडली गेली, म्हणून भाव एवढाच. घासलेलं नाणं त्याने हातात घेतलं आणि लगेच परत दिलं.

दहा पौंडांनी माझं काही अडत नव्हतं. पण त्या शेतात चौथ्या शतकात माणसांची ये-जा होती, याचा एक पुरावा आता नोंदलेला आहे. पहिल्या नाण्याची तर जागाही मी लिहून ठेवली नव्हती.

जुनं नाणं सापडलं तर घासू नका. आधी जागा लिहून ठेवा.