एका बँडचा माणूस

आमच्या भागात, म्हणजे लातूर-नांदेडकडे, 'बँड' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी वरात उभी राहते. झालरीचे कोट, पितळी बाजे, डोक्यावर दिवे घेऊन चालणारी माणसं आणि मागे नवरदेवाची घोडी. त्यामुळे माझा मावसभाऊ कोणाला 'मी बँडमध्ये गिटार वाजवतो' असं म्हणाला, की समोरचा मनातल्या मनात त्याला त्या घोडीच्या पुढे चालवून बघायचा. मग दुसरा प्रश्न यायचा, 'कोणत्या बँडमध्ये?' हा पहिल्यापेक्षा अवघड. त्याचं एका नावात उत्तर देणं दादाला गेल्या तीस वर्षांत जमलेलं नाही.

हे सगळं आत्ता डोक्यात घोळायचं कारण म्हणजे दादाचा मुलगा. लातूरला बारावीत आहे. लातूरला बारावीत असणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट सिरीज, आणि रात्री अकरानंतर हेडफोन लावून इलेक्ट्रिक गिटार. मागच्या महिन्यात दोन दिवस नांदेडला आमच्याकडे आला होता. जेवणं झाल्यावर गच्चीवर बसलो तेव्हा म्हणाला, "काका, मला डॉक्टर व्हायचं नाही असं नाही. पण गिटार सोडायची नाही मला. आणि पप्पांसारखी वाजवायची नाही."

"पप्पांसारखी म्हणजे?"

"पप्पा कोणाच्याही मागं वाजवतात."

'कोणाच्याही मागं.' पोरगा वाईट हेतूने बोलला नाही, पण तेवढे दोन शब्द मला टोचले. त्याचं म्हणणं सरळ होतं. खऱ्या गिटारिस्टचा एक बँड असतो. त्या बँडचं एक नाव असतं, स्वतःची गाणी असतात. तो आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे जात नाही. त्याच्या मोबाइलवर जगभरचे बँड आहेत आणि त्या सगळ्यांच्या गोष्टी तो अशाच ऐकत आलाय.

तेव्हा मी काही बोललो नाही. नंतर मात्र विचार करत बसलो, की आपल्याकडे रॉक वाजवणाऱ्यांच्या गोष्टी खरंच अशा एका बँडच्या आहेत का?

मुंबईचा 'रॉक मशीन' घ्या. १९८४ साली सुरू झाला. महेश तिनईकर हे त्याचे सुरुवातीपासूनचे गिटारिस्ट. पुढे उदय बेनेगल गायला आले आणि जयेश गांधी दुसरी गिटार धरून उभे राहिले. सुरुवात इंग्रजी गाण्यांच्या नकला वाजवण्यापासून झाली, पण १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली, १९९० मध्ये दुसरी. आपल्याकडचा रॉक बँड आपली गाणी वाजवतो आणि लोक ती ऐकायला येतात, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदललं आणि 'इंडस क्रीड' झाले. पोराच्या मनातला बँड असा असावा. पण पुढचं ऐका. १९९७ मध्ये हाच बँड फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' नावाचं वेगळंच काम सुरू केलं. जुनं नाव पुन्हा लागलं ते २०१० मध्ये, आणि नवा अल्बम २०१२ मध्ये आला. मधली तेरा वर्षं 'एका बँडचा गिटारिस्ट' या शब्दांना काही अर्थच नव्हता. वाजवणारा तर होताच ना? त्याची बोटं काही फुटली नव्हती.

मुंबईचाच 'पेंटाग्राम' २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरीत वाजवून आला. त्यांचा गिटारिस्ट रँडॉल्फ कोरिया मोनिका डोगराबरोबर 'शायर अँड फंक'ही चालवायचा. दोन बँड, दोन तऱ्हेचं संगीत, हात तेच. त्याला कोणी 'कोणाच्याही मागं' म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती गोव्याच्या रेमो फर्नांडिसची गोष्ट, कारण ती गावाकडे परत येण्याची आहे. जन्म १९५३ चा, पणजीचा. शाळकरी वयात मित्रांबरोबर 'बीट फोर' नावाचा बँड. तो जमाना बीट ग्रुपचा होता. 'सिमला' नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरातल्या अशा बँडच्या स्पर्धा व्हायच्या आणि १९७० व ७१ च्या स्पर्धांच्या तर तबकड्याही निघाल्या. आपल्या देशातल्या रॉकला पहिला मोठा आश्रय सिगारेटवाल्यांनी दिला म्हणायला हरकत नाही. असो. पुढे रेमो आर्किटेक्चर शिकायला मुंबईला आला आणि तिथल्या 'सॅव्हेजेस' या नावाजलेल्या बँडमध्ये वाजवू लागला. नंतर अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीतून युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला आणि तिकडच्या बँडबरोबरही वाजवलं.

एवढं सगळं करून माणूस मुंबईत राहील असं कोणालाही वाटेल. हा गोव्याला परत गेला. १९८४ मध्ये 'गोवन क्रेझी' ही कॅसेट त्याने घरातच बनवली. गाणी त्याची, आवाज त्याचा, वाद्यंही बहुतेक सगळी त्यानेच वाजवलेली. वर स्वतःच्या स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन त्या कॅसेट पोचवल्या.

एकट्याने हे कसं जमतं, याचं मला पूर्वी फार कोडं होतं. पुढे कळलं की साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या. घरगुती रेकॉर्डिंगच्या चार ट्रॅकच्या यंत्रात हे चारही एकाच दिशेने वापरतात. पहिल्या पट्ट्यावर ताल वाजवायचा. तो ऐकत दुसऱ्यावर बेस, मग गिटार. तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवायचे, की पहिले तीन पुन्हा मोकळे. दर उतरवणीला आवाज थोडा मळतो, फितीची खरखर वाढते, म्हणून आधीच ठरवून काम करावं लागतं. म्हणजे एकटा माणूस पाळीपाळीने आपल्याच बँडमधले चार जण होतो. आणि ज्याने आधी चार बँडमध्ये वाजवलंय, बेसवाल्याला गिटारवाल्याकडून काय हवं असतं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच हे नीट साधतं असं मला वाटतं.

त्यानंतर रेमोला सगळं मिळालं. श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये गायला, 'जलवा'चं गाणं देशभर वाजलं, ए. आर. रहमानच्या 'बॉम्बे'मध्ये आवाज आला, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये आत्मचरित्र आलं. पण मला महत्त्वाची वाटते ती स्कूटर.

आता आमच्या दादाकडे येतो. दादा म्हणजे रेमो नाही, हे मीच आधी सांगून टाकतो. त्याने एकही गाणं रचलेलं नाही. १९९१ साली कोलकात्याची गिव्हसन गिटार घेऊन तो लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात शिरला. तारा तुटल्या तर हैदराबादला जाणाऱ्या कोणाला तरी सांगायच्या. दोन वर्षं तो अगदी पुतण्याला हवा तसा एका बँडचा माणूस होता. सगळ्यांचे सारखे शर्ट शिवलेले होते. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गावंच्या गावं गेली, हजारो माणसं गेली. त्या वर्षी लातूर जिल्ह्यात कोण कोणाला ऑर्केस्ट्राची सुपारी देणार? दादाच्या ऑर्केस्ट्रातल्या दोघांची घरं औसा तालुक्यात होती. ते परत वाजवायला आलेच नाहीत. ऑर्केस्ट्रा मोडला असं कोणी जाहीर केलं नाही. शर्ट मात्र पुन्हा कोणी घातले नाहीत.

तेव्हापासून दादाने एकाच बँडवर विसंबणं सोडलं. एप्रिलमध्ये नांदेडच्या एका भीमगीतांच्या पार्टीत, कारण १४ एप्रिलच्या आगेमागे महिनाभर कार्यक्रम असतात. गणपतीत आणि नवरात्रात जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा. डिसेंबर-जानेवारीत कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये पोरांच्या रॉक बँडला एक हात कमी असतो, तिथे. अधूनमधून भावगीतांचा कार्यक्रम. अहमदपूर, लोहा करत एसटीने लातूर-नांदेड इतक्या वेळा केलंय की कंडक्टर गिटारचं तिकीट मागत नाहीत.

प्रत्येक ठिकाणी हात वेगळा लागतो, हे मला उशिरा कळलं. भीमगीतात ढोलकी राज्य करते. तिथे गिटारने ठोक्यांच्या मधल्या जागेत थांबायचं, मध्ये मध्ये करायचं नाही. 'चुरा लिया है' म्हटलं की सुरुवातीचे सूर लोकांना जसेच्या तसे पाहिजेत, कारण मूळ रेकॉर्डवर भूपिंदर सिंगांनी वाजवलेली ती गिटार प्रत्येकाच्या कानात आहे. कॉलेजच्या पोरांना आवाज फाटलेला पाहिजे, डिस्टॉर्शन. आणि भावगीताला गिटार आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही म्हणजे ती चांगली वाजली.

त्यातली एक गंमत दादानेच मला सांगितली. आमच्याकडचे गायक पट्टी पेटीवरून सांगतात. 'काळी चार' म्हटलं की दादा पहिल्या पडद्यावर कॅपो लावून जी धरतो, की झालं. 'काळी दोन' म्हणजे इंग्रजी ई पेक्षा अर्धा सूर खाली. रॉकवाले कित्येक बँड गिटारच्या सगळ्या तारा नेमक्या अर्धा सूर उतरवून वाजवतात. म्हणजे त्यांची मोकळी जाड तार आणि आमच्या गायकाची काळी दोन एकच. "गॅदरिंगहून थेट भजनाला गेलो तरी तारा पिळाव्या लागत नाहीत," दादा म्हणाला होता, आणि स्वतःच हसला होता.

पैशाचं काय? नाइटचे पैसे मिळतात. कधी रात्रीच, कधी चार फोन केल्यावर. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करण्याचा नियम २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कडक झाला, तेव्हा पहाटेपर्यंत चालणारे कार्यक्रम गेले. मग डीजे आला आणि दहा माणसांचं काम एका टेम्पोत मावायला लागलं. २०२० मध्ये लॉकडाऊनने तर सगळंच बंद. वहिनींची शाळेतली नोकरी आहे म्हणून घर चाललं, हे दादा स्वतःच सगळ्यांना सांगतो. त्यामुळे पुतण्याची भीती मला खोटी वाटत नाही. त्याने घरात उधारीच्या नाइटी मोजत बसलेला बाप पाहिलाय.

पण भीती पैशाची असेल तर तिला पैशाचीच भीती म्हणावं. 'कोणाच्याही मागं' म्हणू नये. दादा एकदा म्हणाला होता, "पहिली सुपारी ओळखीनं येते, दुसरी हातानं येते." त्या भीमगीतांच्या पार्टीने त्याला गेली वीसेक वर्षं दर एप्रिलला बोलावलंय. कॉलेजच्या पोरांच्या तर चार-पाच पिढ्या झाल्या. पोरं डॉक्टर-इंजिनीयर होऊन जातात, बँड मोडतो, दोन वर्षांनी नवी पोरं येतात आणि जुन्यांकडून दादाचा नंबर घेतात. नाव बदलत राहतं, गिटार तीच राहते. याला मागं वाजवणं म्हणायचं की धरून ठेवणं, हे तुम्हीच ठरवा.

रेमोची गोष्ट मी पुतण्याला फोनवर सांगितली. त्याला स्कूटर आवडली. "म्हणजे एकट्यानं केलं सगळं," म्हणाला. मी म्हटलं, "हो, पण आधी किती जणांबरोबर वाजवलं ते बघ." त्यावर गप्प झाला. त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. सतराव्या वर्षी पटू पण नये कदाचित.

शेवटी एवढंच सांगितलं, की परीक्षा झाल्यावर पप्पांबरोबर एका कार्यक्रमाला जा. समोर खुर्चीवर बसू नकोस, विंगेत उभा राहा. गाणाऱ्याने ऐनवेळी पट्टी बदलली तर पप्पा काय करतात तेवढं बघ. "किती सेकंद लागतात ते मोज," असंही म्हटलं, कारण पोराला मोजलेलं पटतं.

दादाला यातलं काही बोललेलो नाही. पोरगा गेला तर तो त्याला आनंदाने नेईल आणि वाटेत एसटीत गिटारही त्याच्याच मांडीवर देईल. नीट आटोपली की विचारीन, गेला होतास का म्हणून.