तळीयेच्या वाटेवरील क्रीडांगण

महाडहून सह्याद्रीच्या रोखाने निघालेल्या प्रवाशास थोडक्याच अंतरावर एक गोष्ट उमगते. या मुलखात डोंगर उदंड, पाणी उदंड. सपाट जमीन मात्र देवाने मोजूनमापून दिलेली. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडास येते व पुढे बाणकोटापाशी समुद्रास मिळते. तिच्या व तिच्या उपनद्यांच्या काठी जी चिंचोळी जागा सापडली तिला बांध घालून लोकांनी भाताची खाचरे केली; उतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी पेरली; आणि घरे बांधावयास उरला तो डोंगराचा पायथा. तळीये हे असेच पायथ्याचे गाव.

२२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने भिजून जड झालेला डोंगराचा कडा तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर कोसळला व ८० हून अधिक माणसे गेली. महाड शहर त्या वेळी पुराने वेढलेले, वाटा बंद, मदत पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडी आल्या. २००५ मध्ये याच महाड तालुक्यातील जुई व दासगाव यांनी हे दुःख भोगले होते. सपाट जमीन ही येथे सोयीची नव्हे, जीविताची बाब आहे, हे तेथे गेल्यावर निराळे सांगावे लागत नाही.

अशा ठिकाणी खेळाचा विषय काढणे वाचकांस कदाचित अप्रस्तुत वाटेल. परंतु आम्ही या भागात हिंडलो ते दिवस मार्गशीर्षातले होते. भात कापून भारे खळ्यावर गेलेले. वाळलेल्या खाचरांतील धसकटे उपटून, राखेच्या रेघा मारून, संध्याकाळी मुली कबड्डी खेळत होत्या. या प्रांतात कबड्डीचा हंगाम शेतच ठरविते. कापणीनंतर जमीन मोकळी होते तेव्हा तो सुरू होतो. मृगाची चाहूल लागली की संपतो.

ऋतूच्या हाती असा खेळ सोपविलेला मुलूख हा एकटाच नव्हे. लडाखात तळी गोठली म्हणजेच बर्फावरील हॉकी सुरू होते. तेथील मुलींचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. लडाख व स्पितीच्या मुलींचाच भरणा असलेला भारतीय संघ २०१६ मध्ये प्रथम परदेशी सामन्यांस गेला, २०१७ मध्ये बँकॉक येथे फिलिपाइन्सवर ४-३ असा पहिला विजय मिळविता झाला, आणि २०२५ मध्ये अल-ऐन येथील आशिया चषकात त्याने कांस्यपदक आणले. त्या खेळास सुमारे ६० मीटर लांब मैदान लागते. स्त्रियांच्या कबड्डीस १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद एवढीच जागा पुरते. एखादे लहानसे खाचर, सात-सात गडी व १५ मिनिटांचे दोन डाव, एवढ्यावर सामना उभा राहतो.

आणि हा लहानसा खेळ मुलींस किती दूर नेतो ते पाहावे. २०१० च्या ग्वांगझौ आशियाई क्रीडास्पर्धेत स्त्रियांची कबड्डी प्रथम आली व सुवर्णपदक भारतास मिळाले. २०१२ मध्ये पाटणा येथे विश्वचषक जिंकणाऱ्या संघात सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे व दीपिका जोसेफ या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने आपल्या मुलींस २७-२४ असे हरविले. परंतु त्या इराणी मुलींस घडविणाऱ्या प्रशिक्षिका शैलजा जैन या नाशिकच्याच.

तथापि खाचरापासून पाटण्यापर्यंतच्या वाटेवर पहिला मुक्काम महाविद्यालयाचा आहे, आणि वाडीवरील मुलगी बहुधा तेथेच थांबते. महाडास १९६१ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे, तेव्हा शिक्षणाची सोय नाही असे कोणी म्हणू नये. अडचण निराळीच असते. सराव संध्याकाळी आणि गावाकडील एस.टी. त्याच सुमारास, सराव केला तर गाडी चुकते, गाडी धरली तर संघातील जागा जाते. त्यात घरी पाणी भरावयाचे, धाकट्यांकडे पाहावयाचे, आणि विसाव्या वर्षी लग्नाची बोलणी. मुलांचा हंगाम पाऊस संपवितो. मुलींचा हंगाम पुष्कळदा घर संपविते. हे केवळ वाडीवरच घडते असे मानून आपण शहरवासी कुटुंबांनी समाधान मानू नये. परीक्षा जवळ आली की प्रथम मुलीचाच खेळ बंद करणारी सुशिक्षित घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

कबड्डीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला एक मेलेला गडी पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतो. तळीयेच्या वाटेवर हा नियम आठवला म्हणजे मन जड होते. डोंगराखाली गेलेले असे परत येत नाहीत. पण मागे राहिलेल्यांस पुन्हा हातात हात घालून साखळी धरावयास हा खेळ शिकवितो, हेही खरे. म्हणून दरडीच्या भयाने जेथे जेथे गावे हलवून नवी वसवावयाची, तेथे घरे, विहीर व शाळा यांच्या जोडीने १२ मीटर बाय ८ मीटर सपाट जमीन मुलींसाठी राखून ठेवावी, असे आम्हास वाटते. ती अवघी ९६ चौरस मीटर भरते. आणि संध्याकाळची एक एस.टी. तासभर उशिराने सुटली, तर त्या जमिनीचे सार्थक होईल.