डावा कोपरा

दोस्तहो, माझ्याकडे कविता मागितली होती. कबड्डीवर लिहून पाठवतोय. चालवून घ्या.

चढाई करणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. तो एकटा जातो, मांडीवर थाप मारतो, शिवून परत येतो. लोक शिट्ट्या मारतात. पण ज्यानं त्याचा घोटा धरून त्याला तिथंच बसवलं, त्याचं नाव विचारा. मैदानाभोवतीची निम्मी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतील.

मी पुणेरी पलटणचा माणूस. नगर जिल्ह्यात राहून पुण्याचा संघ कशाला, असं कारखान्यात विचारतात. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. तोंडात अजून नगरच येतं.) उत्तर सोपं आहे. पलटणचा कप्तान अस्लम इनामदार हा आपल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. ज्या जिल्ह्याचं नाव २०१३ साली सोनई म्हणून पेपरात आलं, २०१४ साली खर्डा म्हणून आलं, त्या जिल्ह्याचं नाव टाकळीभान म्हणूनही आलं. मी ती बातमी दोनदा वाचली. एवढं कारण पुरे आहे.

पण आज अस्लमवर लिहायचं नाही. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय मागं उभ्या असणाऱ्यांवर. त्यातही डाव्या कोपऱ्यावर.

ज्यांनी नीट बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सात गडी उभे. दोन टोकांना दोन कोपरे. त्यांच्या आतल्या बाजूला कव्हर. चढाईवाल्याला तीस सेकंद. कोपऱ्यानं वाकून, श्वास धरून वाट बघायची आणि पाय आला की घोटा धरायचा. पण घोटा धरून भागत नाही. चढाईवाला ओढत ओढत गेला आणि त्याचं बोट मध्यरेषेला लागलं, तर तो सुटला आणि धरणारा बाद. म्हणून कोपऱ्यानं धरल्याबरोबर कव्हरनं येऊन आदळायचं. अर्धा क्षण उशीर झाला की कोपरा मेला. म्हणजे कोपरा जी उडी मारतो ती शेजाऱ्याच्या भरवशावर. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. नियम करणाऱ्यांनाही कळलं होतं, की थोड्या माणसांत धरून ठेवणं दुप्पट मोलाचं असतं.

मी साखर कारखान्यात हंगामी कामगार, मिल हाऊसला. ऊस गव्हाणीतून येतो आणि एकामागं एक मिलमधून जातो. पहिलीनं सोडलेला रस दुसरी काढते, दुसरीनं सोडलेला तिसरी. एका मिलचं सेटिंग ढिलं पडलं की बाकीच्या कितीही फिरल्या तरी रस बगॅसबरोबर बॉयलरला जातो. मग लॅबवाला बगॅस तपासतो आणि सांगतो, आज एवढी साखर जाळली. गळती एका जागी, शिव्या सगळ्यांना. कबड्डीतला बचाव मी असाच बघतो.

आता एक शब्द बघा. आपल्या बोलीत या खेळाची सगळी भाषा शिवण्याची आहे. शिवला, नाही शिवला, शिवून पळाला. हाच शब्द आपल्या बापजाद्यांना दुसऱ्या अर्थानं पाठ होता. ज्या गावात शिवाशिव होती, त्याच गावात मैदानात मात्र हाताला हात धरून साखळी करावी लागायची. हात धरल्याशिवाय पकड होत नाही. खेळच तसा आहे, कुणी काय करणार?

पण कुणी कुठं उभं राहायचं हे आमच्या गावच्या संघात आधीच ठरलेलं असायचं. चढाईला वरच्या आळीची पोरं. कोपऱ्याला वस्तीवरची. ‘तुम्ही काटक, तुम्हीच धरा.’ बोटं मोडायची ती कोपऱ्याची. दात पडायचा तो कोपऱ्याचा. ढाल घ्यायला पुढं जायचा चढाईवाला. साखळीत धरलेला हात शेवटची शिट्टी वाजली की सुटायचा, तो पुढच्या सामन्यापर्यंत सुटलेलाच.

माझा चुलतभाऊ त्या संघाचा डावा कोपरा होता. एका सामन्यात त्याचा गुडघा फिरला. संघाकडं हार-तुऱ्यांना पैसे होते, गुडघ्याला नव्हते. आज तो पाय ओढत चालतो. मोबाईलवर मॅच लागली की आम्ही दोघं शेजारी बसतो. चढाई चालू असताना सगळे चढाईवाल्याकडं बघतात, हा कोपऱ्याच्या पायांकडं बघतो. म्हणतो, “आता उडी मारंल बघ.” आणि समोरचा उडी मारतो. कबड्डी बघायला मला त्यानंच शिकवलं.

आता पलटणीकडं येतो.

डिसेंबर २०२२ मध्ये पलटण पहिल्यांदा प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात गेली. जयपूरनं ३३-२९ हरवलं. तेव्हा आमचा कप्तान आणि डावा कोपरा होता इराणचा फझल अत्राचली. पुढच्या वर्षी, ७ ऑक्टोबर २०२३ ला, चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारतानं इराणला हरवून सोनं घेतलं. भारताच्या संघात अस्लम, समोर इराणच्या बचावात मोहम्मदरेझा शादलुई. त्याच महिन्यात लिलाव झाला आणि पलटणनं शादलुईला घेतलं. किंमत २ कोटी ३५ लाख. कोपऱ्यातल्या माणसाला! चुलतभाऊ आकडा ऐकून हसला. मग बराच वेळ गप्प बसला.

त्या हंगामात पलटण साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकली, २ हरली, ३ बरोबरीत सुटले. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ नं हरवून पहिला कप घेतला. तो आकडा नीट बघा. अंतिम सामन्यात समोरच्याला पंचवीसवर रोखलं. शादलुईनं त्या हंगामात नुसत्या पकडीचे ९९ गुण घेतले. डाव्या कोपऱ्यात तो, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, मधे अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. एक इराणचा, एक हरियाणाचा, एक तमिळनाडूचा, एक आपल्या महाराष्ट्राचा. एकमेकांची भाषा धड येत नसंल, पण हात कधी सुटला नाही.

मग २०२४ चा हंगाम आला. लिलावात शादलुई हरियाणाकडं गेला. ऑक्टोबरात खेळ सुरू झाला आणि नोव्हेंबरात अस्लमचा गुडघा गेला. उरलेल्या हंगामाला तो मुकला. इकडं आमचं गाळप सुरू होत होतं, तिकडं पलटणीची गळती.

आमच्या पाळीला एक जुने फिटर आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. तेही पलटणवाले. चहाच्या टायमाला बोलणं निघालं.

“अस्लम गेला, पलटण संपली,” नाना म्हणाले.

मी म्हणालो, “नाना, अस्लम आत्ता गेला. गळती आधीपास्नं लागलीय. डावा कोपरा बघा तुम्ही.”

“अरं कोपऱ्याचं काय घेऊन बसलास लेका! एक कोपरा गेला तर दुसरा मिळतो. चढाईवाला मिळत नाही.”

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. हंगाम संपताना आम्हाला घरी धाडतात तेव्हा हेच सांगतात. एक हंगामी गेला तर दुसरा मिळतो. नानांनाही ते पंधरा वर्षं ऐकवलंय, कायम व्हायच्या आधी. मी काही बोललो नाही. पण रात्री वहीच्या मागच्या पानावर एकेका गड्याचा हिशेब मांडला. तो असा.

गौरव खत्री, उजवा कोपरा. भरवशाचा माणूस. घोटा धरला की सोडत नाही. पण डावी बाजू ढिली झाली की समोरचे तिकडंच वळतात. गौरवला नुसतं बघत उभं राहावं लागतं. मग तो अधीर होतो आणि वेळेआधी उडी टाकतो. हा दोष त्याचा नाही. काम मिळत नाही म्हणून तो काम शोधायला जातो.

अबिनेश नादराजन, उजवा कव्हर. माझ्या मते त्या हंगामातला सगळ्यात शहाणा गडी. ओरडत नाही, नाचत नाही. दुसऱ्यानं धरलेल्याला शेवटचा धक्का देऊन बाहेर काढणं हे त्याचं काम. गुण बऱ्याचदा धरणाऱ्याच्या नावावर जातो, घाम अबिनेशचा जातो.

संकेत सावंत, डावा कव्हर. शादलुई असताना याला सुरुवात करायची नव्हती, शेवट करायचा होता. कोपऱ्यानं धरायचं, यानं आदळायचं. आता कोपऱ्यात नवा गडी, त्यामुळं संकेतला सुरुवातही करावी लागते आणि शेवटही. दोन माणसांचं काम एकावर टाकलं की दोन्ही कामं अर्धी होतात. कारखान्यात राहिलेल्याला हे समजावून सांगायला नको.

डाव्या कोपऱ्यातला नवा गडी. त्याच्या हातात ताकद आहे, पण शेजाऱ्याचा भरवसा अजून जमलेला नाही. धरायच्या आधी तो अर्धा क्षण संकेतकडं बघतो. तेवढ्यात चढाईवाला बोनस घेऊन मध्यरेषेवर पोचलेला असतो. हा भरवसा लिलावात विकत मिळत नाही. तो बरोबर खेळून, बरोबर पडून येतो.

पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे हे चढाईचे तिघे. गुण आणतात, तक्रार नाही. पण अस्लम नुसता चढाईवाला नव्हता, साखळीत हातही द्यायचा. तो गेला तेव्हा बचावातलाही एक हात गेला. नानांना हे पटायला वेळ लागला.

खाली मी लिहिलं, ‘माणसं वाईट नाहीत, जोड्या मोडल्यात.’

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पलटण पहिल्या सहांत आली नाही. २९ डिसेंबर २०२४ ला अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीला झाला. हरियाणानं पाटण्याला ३२-२३ हरवलं. कप उचलणाऱ्यांत शादलुई होता. आमच्या अंगणात आमचाच कोपरा दुसऱ्याचा कप घेऊन उभा.

२०२५ ला अस्लम परत आला. अजय ठाकूर प्रशिक्षक झाले. संघ साखळीतल्या वरच्या दोघांत राहिला आणि अंतिम सामन्यात गेला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीनं आम्हाला ३१-२८ हरवलं. तीन गुणांनी. आणि दिल्लीकडून कोपऱ्यात कोण उभा होता? फझल अत्राचली.

ही चार वर्षं एकाखाली एक मांडा. चांगला कोपरा असला म्हणजे कप मिळतोच असं नाही. २०२२ ला फझल असून आम्ही हरलोच. पण ज्या दोन कोपऱ्यांना जाऊ दिलं, त्या दोघांनी दुसरीकडं जाऊन कप उचलले, आणि त्यातला एक आमच्याच छाताडावर बसून. मी तो सामना नानांबरोबर बघितला. संपल्यावर ते म्हणाले, “तुझा कोपरा खरा निघाला लेका.” मला काही आनंद झाला नाही. हरलेल्या रात्री खरं निघून काय करायचं?

दोस्तहो, हे सगळं लिहिलं ते एका कामासाठी. आपल्या वस्त्यांत जयंतीला कबड्डीचे सामने होतात. वर्गणी आपली, मैदान आपलं, पोरं आपली. मग बक्षिसं गावासारखी का? उत्कृष्ट चढाईला सायकल आणि उत्कृष्ट पकडीला स्टीलचा डबा, हे मी तीन ठिकाणी बघितलंय. लाऊडस्पीकरवर चढाईवाल्याच्या नावाचा गजर, आणि ज्यांनी धरलं ते ‘दोघा-तिघांनी मिळून पकड केली’. त्या दोघा-तिघांना नावं आहेत. आयांनी ठेवलेली.

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी दोन ठराव मांडले. एक, चढाईला आणि पकडीला सारखंच बक्षीस, आणि प्रत्येक पकडीला धरणाऱ्या सगळ्यांची नावं पुकारायची. दोन, प्रवेश फीतला चौथा हिस्सा बाजूला ठेवायचा, कुणाचा गुडघा-बोट गेलं तर दवाखान्यासाठी. पहिला ठराव टाळ्यांत मंजूर झाला. दुसऱ्याला खळखळ झाली. एवढे पैसे काढले तर ढाल लहान होईल, असं काही जण म्हणाले.

लहान होऊ द्या. ढाल वर्षभर खुंटीला लटकते. गुडघा जन्मभर लागतो.

ठराव पुन्हा बैठकीत येणार आहे. तुमच्या वस्तीतही मांडा आणि काय झालं ते कळवा.